पाठीवरचा चार नंबर

६ मे

प्रिय भिंगरी,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. कॅम्पात फोन तसाही रविवारी अर्धा तासच हातात मिळतो आणि तो आईशी बोलण्यात जातो. "ती आंघोळीला गेलीय," आई म्हणते. तीन रविवार झाले, दुपारी चार वाजता तू आंघोळच करतेयस. आईला धड खोटंही बोलता येत नाही. तो गुण मी कुणाकडून उचलला कोण जाणे.

तुझा राग मला कळतो. संघाची यादी लागली, तुझं नाव नव्हतं, त्या दिवशी तू मास्तरांसमोर उभी राहून म्हणालीस, "सर, मी मंदावलेय असं मला वाटत नाही. माझे पाय नेहमीसारखेच पळतायत." आणि मग वळून माझ्याकडे बघितलंस. मी बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती, हे तुलाही दिसलं असणार. खोलीवर आल्यावर मी वर आणि तुला उपदेश केला, की आकडे मान्य कर, शरीर कधीतरी थकतंच. सव्वीस वर्षांच्या पोरीला हे सांगणारी बाई बत्तीस वर्षांची! तू एवढंच म्हणालीस, "ताई, तू एक शब्द बोलली असतीस तर..." आणि बॅग भरायला घेतलीस. मी तुझे मोजे घडी करून देत होते. ते तू माझ्या हातातून ओढून घेतलेस.

असो. इथलं सांगते. हॉकीच्या विश्वचषकाला पाच आठवडे उरलेत. सकाळी सहाला टर्फवर पाणी मारतात, साडेसहाला आम्ही त्यावर घसरतो. दुपारी व्हिडिओ, संध्याकाळी पुन्हा मैदान. मास्तरांच्या खोलीतली "डोळा फसतो, आकडा फसत नाही" ही पाटी आता जेवणाच्या हॉलमध्येही लागलीय, म्हणजे उकडलेली अंडी खातानाही सुटका नाही. आकडेबाई रोज संध्याकाळी दाराशी तक्ता चिकटवते. त्या पोरीला लॅपटॉपसकट उचलून कुणी टर्फवर ठेवलं तरी ती मान वर करायची नाही. तुझ्या जागी राइट विंगला ती उंच मुलगी खेळते, जिराफ. चेंडू तिच्यापर्यंत जातो, ती चेंडूपर्यंत जात नाही.

तुझ्या पलंगावर आता आपली गोलकीपर आलीय, भिंत. घोरते. सकाळी माझ्या पाठीवर पॉडही तीच घालते. आई विचारत होती, हे पॉड म्हणजे काय असतं. मी सांगितलं, काडेपेटीएवढं यंत्र असतं, कोण किती पळालं आणि किती वेगानं पळालं ते मोजतं. प्रत्येकीचा नंबर ठरलेला. घट्ट काळ्या वेस्टला मागे खिसा असतो, बरोब्बर दोन खांद्यांच्या मधे. तिथे आपला आपल्याला हात पोचत नाही, म्हणून एकीनं दुसरीला घालून द्यायचं. आई म्हणाली, "बरंय बाई, तुम्ही दोघी होतात एकमेकींना." त्यावर मी वेळ संपली म्हणून फोन ठेवला. खरं तर अजून दहा मिनिटं होती.

आईनं तुझं रक्त तपासायला दिलंय म्हणे, रिपोर्ट आला का? कळव.

तुझी ताई


१३ मे

भिंगरी,

उत्तर नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

परवाच्या रविवारी आई जरा मोकळी बोलली. रिपोर्ट सगळे चांगले आले म्हणे. तरी डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि तू त्या मुकाट्यानं घेतेस. पहाटे साडेपाचला जाग येते, पण उठून पळायला जात नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून राहतेस. शाळेत खेळाच्या बाईंची जागा निघालीय तिथे अर्ज केलास. आणि जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतेस. आईनं विचारलं, दमलीस का? तर म्हणालीस, "दमले नाही. दमतेय का ते बघतेय."

हे शेवटचं ऐकून मला जेवण गेलं नाही. भिंत म्हणाली, "ताई, तुझं अंडं मी खाऊ का?" आणि खाल्लंही.

गोळ्या बंद कर. तुला काहीही झालेलं नाही. मला कसं माहीत, असं विचारशील. थोरली बहीण सांगते म्हणून ऐक.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची राहिली होती. तशी बारीकशीच आहे. निवडीचे ते दहा दिवस आठव. त्यातल्या पहिल्या दिवशी आपल्या पॉडची अदलाबदल झाली होती. माझा चार नंबर तुझ्या पाठीवर गेला आणि तुझा नऊ माझ्या. चार्जिंगच्या पेटीतून दोघींचे पॉड नेहमी मीच आणायचे ना, तुला सकाळी डोळे उघडायलाच वेळ लागायचा. कुणीतरी आदल्या दिवशी चुकीच्या खाचेत ठेवले होते, मी बोलण्याच्या नादात तसेच उचलले. एक तुझ्या खिशात सरकवला, दुसरा तुझ्या हातात दिला, तू माझ्या खिशात सरकवलास. नंबर खालच्या बाजूला असतो, बघितला कुणी नाही. संध्याकाळी वेस्ट काढताना माझ्या लक्षात आलं. सांगणार होते, राहून गेलं. एका दिवसानं असा काय फरक पडतो म्हणा. तरी तुला माहीत असावं.

माझे आकडे सध्या पडलेत. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय ताई, यादी लागली आणि सुस्तावलीस?" पोरी हसल्या. मीही हसले. मग दिवसभर वाटत राहिलं की मास्तर माझ्याकडे जरा जास्तच बघतायत. चोराच्या मनात चांदणं.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

तुझी ताई


१९ मे

भिंगरी,

तुझं पार्सल आज मिळालं. फाटकावरच्या वॉचमननं हाक मारली, "ताई, घरून खाऊ आलाय!" म्हणून सगळ्या गोळा झाल्या. डबा उघडला तर तुझे नवे बूट. आणि चिठ्ठी. मी ती न्हाणीघरात नेऊन वाचली. मग पुन्हा वाचली. आता पाठच झालीय, तुलाच लिहून दाखवते, म्हणजे काय पाठवलंस ते तुला कळेल.

"ताई, दोन्ही पत्रं मिळाली. मी उगाच रागावले. तू तरी काय बोलणार होतीस? आकडे आहेत ते आहेत. पहिल्या दिवशी पॉड बदलले म्हणतेस, पण बाकीचे नऊ दिवस तर माझेच होते ना? मला बरं वाटावं म्हणून लिहितेस, कळतं मला. तुझ्या उजव्या बुटाचा तळ सुटलाय आणि तू नवे घेणार नाहीस, चिकटपट्टी लावून खेळशील. हे माझे घे. दोनदाच घातलेत. मला आता कशाला लागतायत? तुझे पाय पळतायत, त्यांना असू देत."

तुझे पाय पळतायत.

भिंगरी, मला लाज वाटतेय. बाकीचं लिहायला बसले होते, पण हात पुढे जात नाही. बूट पलंगाखाली ठेवलेत. भिंत म्हणाली, "बहीण असावी तर अशी." मी म्हटलं, हो.

ताई


२२ मे

भिंगरी,

आधी माझा भित्रेपणा सांगते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

परवा सकाळी मी तुझे बूट घालून मैदानात उतरले. वीसेक मिनिटांनी मांडीचा मागचा स्नायू धरून खाली बसले. स्नायूला काहीही झालं नव्हतं. माझा हिशोब असा, की मी दुखापतीच्या नावाखाली बाजूला झाले तर यादीत एक जागा रिकामी होईल, तिथे तुला बोलावतील, तू खेळशील, आणि कुणाला काही कळणारही नाही. साप मरावा आणि काठीही तुटू नये. डॉक्टर मांडी दाबत होत्या, त्या जिथे दाबतील तिथे मी "आई गं" म्हणत होते. इतकं वाईट सोंग कुणी वठवलं नसेल. "ताई, इथे दुखतंय की इथे?" त्यांनी विचारलं. मी दोन्हीला हो म्हटलं.

मास्तर आले. मी म्हटलं, "सर, माझं काही खरं नाही. धाकटीला बोलवा." ते माझ्याशेजारी टेबलावर बसले. तुला माहीत आहे ते कुणाशेजारी बसत नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा जीव आहे तिच्यावर, कळतं मला. पण ती संपली गं. आकडे तूही बघितलेस. जागा झालीच तर राखीवमधली बोलवीन."

"संपली" म्हणाले. मला धीर द्यायच्या सुरात म्हणाले. तू राखीव यादीतही नाहीस, हे मी माझ्या हिशोबात धरलंच नव्हतं. ज्या आकड्यांनी तू बाहेर गेलीस तेच आकडे दारात उभे आहेत, आणि ते तिथे मी उभे केलेत. दुसऱ्या दिवशी मी "आता बरंय" म्हणून पुन्हा मैदानात गेले.

आता ते दहा दिवस.

पहिला दिवस चुकून. ते खरं सांगितलं होतं. संध्याकाळी वेस्ट काढताना तुझ्या पाठीतून पॉड ओढला तर चार नंबर. आंघोळ करून आकडेबाईला सांगायचं असं ठरवलं होतं. आंघोळ करून आले तर तक्ता लागलेला. वेगानं पळालेल्या अंतरात माझं नाव दुसरं. पोरी टाळ्या वाजवत होत्या, जिराफ म्हणाली, "ताईला म्हातारपणी पंख फुटले!" आणि मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. तुझं नाव चौदावं होतं. तू हसून म्हणालीस, "आज झोपेतच पळाले वाटतं."

माझे दोन विश्वचषक हुकले, तुला माहीत आहे. एकदा गुडघा, आणि एकदा राखीव म्हणून स्टँडमध्ये बसून दुसऱ्यांच्या बाटल्या भरत. हा शेवटचा होता. ही सबब नाही. तेव्हा डोक्यात काय होतं तेवढं सांगतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत पॉड आपापल्या खाचेत नीट होते. मी दोन्ही उचलले. तू डोळे चोळत आलीस आणि सवयीनं माझ्याकडे पाठ करून उभी राहिलीस. शाळेत असताना वेणी घालून घ्यायला उभी राहायचीस तशीच. मी चार नंबर तुझ्या पाठीवर घातला. नऊ नंबर, आकडा खाली करून, तुझ्या हातात दिला. तू तो माझ्या पाठीवर घातलास, वर दोनदा थोपटलंस आणि म्हणालीस, "चल ताई, उड."

असं नऊ दिवस. रोज.

माझी समजूत मी अशी घातली होती, की तू विंगला, मी बचावात, तुझी जागा काही मी घेत नाही. तू इतकी वर आहेस की थोडी खाली आलीस तरी यादीत असशीलच. हे गणित सात दिवस टिकलं. आठव्या दिवशी संध्याकाळी मी बर्फाच्या पाण्यात पाय सोडून बसले होते, पडद्यापलीकडे मास्तर आकडेबाईला विचारत होते, "नऊ नंबर रोज अशीच? मग नाव काढावं लागेल." मी ऐकलं. भिंगरी, नीट वाच, मी ते ऐकलं. आणि नवव्या दिवशी सकाळी तू पाठ केलीस तेव्हा पुन्हा चार नंबरच घातला. दहाव्या दिवशीही. तोपर्यंतचं सगळं मी मोहात केलं असं म्हणता येईल. त्या दोन दिवसांना माझ्याकडे नाव नाही.

तू आपल्या पायांवर शंका घेत होतीस. खोलीत मला विचारायचीस, "ताई, मी खरंच हळू झालेय का? तू बघतेस ना?" मी म्हणायचे, जरा झोप नीट घे.

काल आकडेबाईनं मला तिच्या खोलीत बोलावलं. पॉड नुसतं अंतर मोजत नाही, माणूस मैदानात कुठून कुठे गेलं त्याचा नकाशाही काढतो. निवडीच्या वेळी तिनं नुसत्या बेरजा काढल्या होत्या, नकाशे आता उघडतेय. स्क्रीनवर वर माझं नाव आणि खाली हिरव्या मैदानावर लाल रेघा. सगळ्या उजव्या कडेला. मधल्या रेषेपासून थेट कोपऱ्यापर्यंत, मग आत गोलाकडे वळून, पुन्हा मागे. पुन्हा. पुन्हा. "ताई, गंमतच आहे," ती म्हणाली, "तुम्ही तर बचावात असता. मशीन बिघडलं होतं का?"

मी म्हटलं, "हो, बिघडलं असेल."

हे कालचं आहे. तुझी चिठ्ठी वाचून झाल्यानंतरचं. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला, माझ्याकडे काल दोन्ही नव्हत्या. पण त्या रेघा मी ओळखल्या. कोपऱ्यात पोचल्यावर तू डाव्या खांद्यानं हूल देऊन आत वळतेस, तिथे रेघेला बारीक गाठ पडते. दहाही नकाशांत ती गाठ आहे. शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या तासातही आहे. तू थकली नव्हतीस. हळू झाली नव्हतीस. दहाही दिवस यादीतल्या निम्म्या पोरींच्या पुढे होतीस.

हे पत्र मी आत्ताच टपालपेटीत टाकून येते. खोलीत ठेवलं तर सकाळी फाडीन.

ताई


२६ मे

भिंगरी,

सांगितलं. काल सकाळी, सरावाच्या आधी, मास्तरांच्या खोलीत. आकडेबाईलाही बोलवा असं मीच म्हटलं, नाहीतर सगळं खापर त्या पोरीवर फुटलं असतं.

वाटलं होतं मास्तर ओरडतील. तयारी करून गेले होते. त्यांनी नकाशे बघायला मागितले. आकडेबाईनं एकेक उघडून दाखवला. पाचव्या की सहाव्या नकाशाला मास्तर म्हणाले, "बास." मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत काढत बसले. मग म्हणाले, "ती पळताना मला दिसत होती. मी रोज बघत होतो. वाटायचं, पोरगी तर चांगली पळतेय. मग तक्ता बघायचो आणि स्वतःला म्हणायचो, म्हाताऱ्या, तुझा डोळा गेला." आकडेबाई रडायला लागली. मी रडले नाही. तिथे रडणं म्हणजे त्यांच्याकडून काहीतरी मागणं झालं असतं.

"का केलंस?" त्यांनी विचारलं.

"मला खेळायचं होतं, सर."

"तिलाही खेळायचं होतं."

मग ते म्हणाले, "बॅग भर. चौकशी होईल, बंदी येईल. किती वर्षांची ते माझ्या हातात नाही. आणि असती तर मी कमी केली नसती." बत्तिसाव्या वर्षी किती वर्षांची याला अर्थ उरत नाही. माझं खेळणं कालच संपलं.

तुझं सांगते. अंतिम यादी तीन तारखेपर्यंत बदलता येते. मास्तरांनी तुला सोमवारी, एक तारखेला, चाचणीला बोलावलंय. काल रात्री ऑफिसातून घरी फोन गेला असेल. उपकार म्हणून घेणार नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पळालीस तरच घेतील. महिनाभर तू धावलेली नाहीस, हे मी त्यांना सांगितलं, आणि ते का धावलेली नाहीस तेही. ते म्हणाले, "आठ दिवस आहेत. बघू." चाचणीत तू कमी पडलीस तर तो महिनाही माझ्याच नावावर मांड.

पोरींना मास्तरांनी नाश्त्याला सांगितलं. मी तिथेच उभी होते.  भिंतीनं माझ्या पुढ्यातलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवलं, आणि मग ती स्वतःच तिथून उठून गेली. सतरा वर्षांत मला कॅम्पात कुणी नावानं हाक मारली नव्हती, सगळ्या ताईच म्हणायच्या. काल जिराफ म्हणाली, "तुमची गाडी आलीय." नुसतं तुमची.

आकडेबाईकडून दहाही नकाशे छापून घेतलेत. सोबत पाठवतेय. वर माझं नाव छापलं होतं, ते मी पेनानं खोडलंय आणि तुझं लिहिलंय. तिनं बघितलं आणि पानं लिफाफ्यात भरून दिली. भिंतीवर लाव, फाडून टाक, वाटेल ते कर. आधी एकदा शेवटच्या नकाशावरची ती गाठ बघ.

माफी मागायला बसले होते. पण माफी मागितली की तुला एक काम लागतं, द्यायची की नाही ते ठरवायचं. तुला आत्ता दुसरं काम आहे.

सही करताना काय लिहायचं कळत नाही.


२९ मे

भिंगरी,

चौकशीच्या जबाबासाठी दोन दिवस तिथल्याच लॉजवर थांबवलं होतं, म्हणून मी काल संध्याकाळी घरी पोचले. तू सकाळीच निघून गेली होतीस. वाटेत कुठेतरी आपल्या बसगाड्या एकमेकींसमोरून गेल्या असतील.

आई माझ्याशी बोलत नाही. बोलते, पण भांड्यांशी. जेवायला वाढलं, पाणी ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याला म्हणाली, "पाठची बहीण होती." मी जेवले. न जेवून तिला आणखी एक त्रास कशाला द्यायचा?

रात्री मात्र ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. पंचवीस तारखेला माझं ते लांबलचक पत्र आलं. तू ते जिन्यातच उभी राहून वाचलंस, मधल्या पायरीवर. वाचून झाल्यावर घडी घातलीस. आत येऊन गोळ्यांची बाटली कचऱ्यात टाकलीस. मग बूट शोधलेस. घरात तुझे बूट नव्हतेच. तर चपला हातात घेतल्यास आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेलीस, आणि परत आलीस, आणि पुन्हा गेलीस. आई दारात उभी होती. म्हणाली, "लोक बघत होते. मीही बघत होते. वाऱ्यासारखी पळत होती गं." हे सांगताना ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली, आणि लगेच पुन्हा भिंतीकडे.

मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप ठेवला का?

आई म्हणाली, "ठेवला. म्हणाली, तिला सांग, माझे बूट परत पाठव."

मी बूट बॅगेतून काढून आत्ता सकाळी नळाखाली धुतले. मी ते एकदा घातले होते, त्या सोंगाच्या दिवशी. ब्रशनं घासले तरी डाव्याच्या तळाला टर्फचा निळा डाग राहिलाय, तो निघाला नाही. नाड्या नव्या घातल्यात. बसच्या ड्रायव्हरकडे डबा देतेय, ओळखीचा आहे, उद्या दुपारपर्यंत फाटकावर पोचवीन म्हणालाय. ही चिठ्ठी उजव्या बुटात घालतेय. आधी बूट डब्यातून काढ, मग वाच. न वाचताही फेकलीस तरी चालेल, पण खालचं तेवढं वाच.

सोमवारी सकाळी पेटीतून पॉड आणून कुणीतरी तुझ्या पाठीवर घालेल. बहुतेक भिंत घालेल. ती सरळ मनाची आहे, तिच्याकडून काही होणार नाही. तरीसुद्धा लगेच पाठ करू नकोस. आधी पॉड स्वतःच्या हातात घे. उलटा कर. नंबर वाच. नऊ असेल तरच पाठ फिरव.